म्हैस काळी, बगळा पांढरा

गेल्या वर्षी शिमग्यात गावच्या पालखीचे मी १८० फोटो काढले आणि १८० च्या १८० वाया गेले. तसे ते 'आले' होते, म्हणजे स्क्रीनवर काहीतरी दिसत होतं, पण देवीची चांदीची रुपं (मुखवटे) म्हणजे नुसती पांढरीफटक भांडी, मागे डांबरासारखा काळोख, होमाचा जाळ कुठच्या कुठे गायब, आणि पालखी खांद्यावर घेतलेले आमचे भावबंद असे डोळे वटारून बघतायत की जणू पोलिसांची धाड पडलीय. शिवाय हवेत तरंगणारे पांढरे गोळे. ती फ्लॅशमध्ये चमकलेली धूळ होती हे मला नंतर कळलं, तोपर्यंत आमच्या जाऊबाईंनी त्याचा वेगळाच अर्थ लावून झाला होता.

कॅमेरा ऑटोवर होता. अंधार दिसला की डोक्यावरचं झाकण उघडून टुक्कन फ्लॅश वर यायचा, मी दाबून खाली बसवला की परत वर. शेवटी पालखीखालून एक पुतण्या ओरडला, "काकी, लाईट नको मारूस, पायाखालचं दिसत नाय!" खांद्यावर पालखीचं ओझं, चारी बाजूंनी रेटारेटी, ढोल टिपेला पोचलेला आणि मी त्यांच्या डोळ्यांवर लखलखाट करतेय. गपचूप सहाणेच्या, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्याच्या, कडेला जाऊन बसले. माझ्या दिराने मोबाईलवर काढलेला फोटो पंधरा मिनिटांत फॅमिली ग्रुपवर आला, त्यात जाळ होता, रुपं होती, सगळं होतं. "वहिनी, एवढा मोठा कॅमेरा कशाला घेतलात मग?" ह्यावर त्या रात्री तरी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कॅमेरा मोठा होता हे खरंय. निकॉनचा डी५६००, सोबत १८-५५ ची नेहमीची किट लेन्स. पुण्याचा भाचा मिररलेसवर, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर गेला आणि हा मला घरच्या भावात देऊन टाकला. "मावशी, आरशाचे कॅमेरे आता संपत आले, पण शिकायला ह्याच्यासारखा गुरू नाही," असं वर सांगून गेला. मी चिपळूणला बँकेत नोकरी करते, वय बेचाळीस, आणि त्याआधी कॅमेरा म्हणजे मोबाईलच्या मागची तीन भोकं एवढंच ज्ञान. पण ह्याचं बटण दाबलं की आतला आरसा उचलला जाऊन जो 'खटॅक' आवाज येतो ना, त्या आवाजावरच मी फिदा झाले होते. लेन्समधून आलेला उजेड त्या आरशावर आपटून वर डोळ्यापर्यंत जातो, बटण दाबलं की आरसा वर, पडदा उघडतो, सेन्सरवर उजेड पडतो, पडदा बंद, आरसा खाली. म्हणजे गंमत बघा, नेमका ज्या क्षणी फोटो निघतो त्या क्षणी बघणाऱ्याला काहीच दिसत नसतं.

शिमगा झाल्यावर मी इरेला पेटून यूट्यूब लावलं. अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक), शटर (पडदा किती वेळ उघडा), आयएसओ (आलेला उजेड किती फुगवायचा) असा त्रिकोण प्रत्येक जण काढून दाखवतो, तो मी वहीत सुद्धा काढला, रंगवला. परीक्षा असती तर पैकीच्या पैकी पडले असते. फोटो मात्र तसेच.

मग बँकेत एकांचा निरोप समारंभ होता. कॅमेरा आहे म्हटल्यावर काम माझ्याच गळ्यात. डायलवर पळणाऱ्या माणसाचं चित्र असतं, ते म्हणजे स्पोर्ट्स मोड, मला वाटलं 'फास्ट' आहे म्हणजे चांगलंच असणार. तर फोटोंत अर्धे साहेब पिवळे, अर्धे निळसर, आणि मधून आडवे पट्टे. पुढच्या फोटोत पट्टे सरकलेले. मी काउंटरवर बसून ते फोटो झूम करून बघत होते आणि पासबुक भरून घ्यायला आलेले एक म्हातारे गृहस्थ काचेतून वाकून म्हणाले, "मॅडम, ट्यूबलाईट आहे ती. तुम्ही शटर फार वर नेलंत."

हे बाजारपेठेतले जुने स्टुडिओवाले काका. माझ्या लग्नाआधीपासून अर्ध्या चिपळूणच्या लग्नांचे अल्बम त्यांनी केलेले. २२ जुलै २०२१ च्या पुरात दुकानात छताजवळ पाणी होतं, त्यात तीस-पस्तीस वर्षांच्या निगेटिव्ह गेल्या. लोकांनी तेव्हा कपडे वाळत घातले होते आणि काकांनी दोरीवर निगेटिव्ह, पण पाण्याने वरचा थरच सुटून आला होता, नुसत्या पारदर्शक पट्ट्या हातात राहिल्या. आता फक्त पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स. हे सगळं त्यांनी एकदाच सांगितलं, परत त्या विषयावर कधी आले नाहीत, म्हणून मीही इथे वाढवत नाही.

तर ट्यूबलाईट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतो. आपल्या डोळ्याला कळत नाही. पण शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं कमी वेळ उघडलं तर कॅमेऱ्याला त्या लुकलुकीचा एक तुकडाच सापडतो, आणि एवढ्या वेगात पडदा पूर्ण उघडतही नाही, त्याची नुसती एक फट सेन्सरवरून सरकत जाते, म्हणून पट्टे. "पन्नासवर किंवा शंभरवर ठेवा, जाईल," काका म्हणाले. १/१०० वर ठेवलं. गेले पट्टे! यूट्यूबवाल्या त्रिकोणाने महिनाभरात जे केलं नव्हतं ते पासबुकच्या रांगेत दोन मिनिटांत झालं. त्या शनिवारी मी कॅमेरा घेऊन त्यांच्या दुकानात हजर.

जाताना एक पराक्रमही सोबत नेला होता. मुंबईला गेले असताना फोर्टात बोरा बाजारात सेकंडहँडमध्ये ५० एमएम एफ १.८ ची डी लेन्स घेऊन ठेवली होती. दुकानदाराला विचारलं, माझ्या कॅमेऱ्याला चालेल ना? तो म्हणाला, चालेल की, निकॉनचीच आहे. खोटं बोलला नाही तो. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, तेव्हापासूनच्या बऱ्याचशा लेन्सा त्यावर चढतात. पण ह्या डी लेन्सला फोकस करायची मोटर स्वतःची नसते, ती बॉडीत लागते, आणि आमच्या ह्या बॉडीत ती नाही. म्हणजे लेन्स बसली, पण ऑटोफोकस शून्य. त्यात स्क्रीनवर 'एफ ई ई' असं काहीतरी लुकलुकायला लागलं आणि बटणच दबेना. मला वाटलं कॅमेरा गेला.

काकांनी लेन्स हातात घेतली आणि एकदम खूश झाले, मी खूश व्हायच्या ऐवजी तेच. "रिंगवाली आहे! अहो हीच पाहिजे शिकायला." 'एफ ई ई' चा अर्थ एवढाच की मागची रिंग केशरी २२ वर लॉक करा, मग अ‍ॅपर्चर कॅमेरा सांभाळेल. पण ते नंतर. आधी त्यांनी लेन्स दरवाज्याच्या उजेडात धरली, माझ्या डोळ्यासमोर, आणि रिंग सावकाश फिरवायला लागले. १.८ वर मोठं गोल भोक, पलीकडचा रस्ता, रिक्षा, सगळं उलटं दिसतंय. टक्, टक्, करत आतून काळी पाती पुढे सरकली, सात पाती आहेत तिला, मोजली मी, भोक लहान होत गेलं, १६ ला पोचेस्तोवर हरभऱ्याच्या डाळीपेक्षाही बारीक.

"आकडा मोठा आणि भोक लहान, हे उलटं का?" मी विचारलं. हा प्रश्न मी यूट्यूबखाली कमेंटमध्येही विचारला होता, त्यावर एकाने 'असंच असतं' असं उत्तर दिलं होतं.

"पावकी निमकी पाठ केलीत का कधी?"

आमच्या वेळी नव्हती. आजोबांना यायची. काका म्हणाले, मग एवढंच लक्षात ठेवा, एफ २ म्हणजे निमं आणि एफ ४ म्हणजे पाव. ५० एमएमची लेन्स, तिचं निमं २५, म्हणजे एफ २ ला भोक २५ मिलिमीटरचं. पाव म्हणजे साडेबारा. एफ ८ म्हणजे अर्धपाव, सव्वासहा. "पाव किलो मोठं की अर्धा किलो? मग!" झालं, एवढंच होतं. मधले आकडे, २ नंतर २.८, मग ४, ५.६, ८, ११, १६ असे वाकडे का, तर प्रत्येक पायरीला उजेड बरोबर अर्धा व्हायला पाहिजे, आणि गोलाचं क्षेत्रफळ अर्धं करायचं तर व्यासाला १.४ ने भागावं लागतं. मी कॉमर्सची, तरी हे मला तिथल्या तिथे पटलं, कारण भोक डोळ्यासमोर होतं. तुमच्याकडे जुनी रिंगवाली लेन्स कोणाकडून मागून आणता आली तर आणा, दहा व्हिडिओ वाचतील.

भोक लहान केलं की पुढचं-मागचं जास्त स्पष्ट येतं आणि मोठं केलं की मागचं धूसर होतं, हे सगळ्यांना माहीत असतं, त्यावर मी वेळ घालवत नाही. फक्त नवशिक्यांचा एक रोग असतो, मलाही झाला होता, लेन्स १.८ ची आहे म्हणून प्रत्येक फोटो १.८ वरच. मुलीचा एक डोळा फोकसमध्ये आणि दुसरा ढगात. काका म्हणाले, "पैसे दिलेत म्हणून सगळं तिखट एकाच आमटीत घालणार का?"

आयएसओचंही त्यांनी असंच स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. पाहुणे वाढले की आपण आमटी वाढवतो ना, डाळ तेवढीच. आयएसओ वाढवला म्हणून उजेड वाढत नाही, आला तेवढाच उजेड फुगवून दाखवला जातो, म्हणून मग फोटो रवाळ दिसतो. त्यांच्या काळी हे ठरवायची सोयही नव्हती, यशिका मॅट कॅमेऱ्यात एकदा १०० चा रोल घातला की बारा फोटो होईपर्यंत तोच. बारा! माझे १८० आठवून मला जरा ओशाळंच वाटलं. आणि उजेड मोजायचं यंत्र कॅमेऱ्यात असलं तरी ते बघायचे नाहीत, फिल्मच्या खोक्यावर छापलेलं असायचं, कडक ऊन, ढगाळ, सावली, त्यावर हिशोब. कडक उन्हात एफ १६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं, म्हणजे १०० च्या रोलला १/१०० च्या आसपास. हा नियम मी गच्चीत वाळवणाजवळ उभं राहून डी५६०० वर करून पाहिला. कॅमेऱ्याने स्वतः ठरवलेल्यात आणि ह्यात एका क्लिकचा फरक.

पण खरी ट्यूब पेटली ती ऑगस्टमध्ये.

रविवार होता, पाऊस नुसता भुरभुरत होता, काका म्हणाले गुहागर रोडला जाऊया. मी, मुलगी छत्री धरायला, आणि काका, पांढरा लेंगा-सदरा घालून, चिखलात. एका मळ्याच्या बांधावर म्हैस बांधलेली आणि तिच्या पाठीवर गायबगळा. पावसाळ्यात त्यांच्या डोक्यावर केशरी झाक येते, हळदीकुंकवाला निघाल्यासारखे दिसतात. मी लगेच दहा-बारा फोटो मारले. काकांनी स्क्रीन बघितली.

"म्हैस कुठल्या रंगाची?"

"काळी."

"फोटोत?"

फोटोत राखाडी होती. नीट बघितलं तर राखेने माखल्यासारखी. आणि बगळा? बगळ्याच्या जागी कोणीतरी कागदाला भोक पाडल्यासारखा पांढरा ठिपका, त्यात ना पीस ना मान. कॅमेऱ्यात अति पांढरं झालेला भाग लुकलुकून दाखवायची सोय असते, ती लावल्यावर सगळा बगळा उघडझाप करायला लागला.

"आता नुसती म्हैस घ्या, फ्रेम भरून. बगळा नको." घेतली. पार सिमेंटची. "आता माझा सदरा घ्या, फ्रेम भरून." घेतला. सदरा पण सिमेंटचा! दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले तर म्हैस कुठली आणि सदरा कुठला हे कापडाच्या विणीवरूनच ओळखायचं.

तर हे असं आहे. कॅमेऱ्यातल्या मीटरला म्हैस माहीत नाही, सदरा माहीत नाही, बगळा माहीत नाही. त्याला फक्त उजेड किती परत आला ते कळतं, आणि जे काय समोर आहे ते सरासरी मधल्या राखाडी रंगाचं असणार असं धरून तो चालतो. फोटोवाल्यांकडे एक राखाडी पुठ्ठा असतो, पडलेल्या उजेडापैकी १८ टक्के परत फेकणारा, ते साधारण तेच मधलं राखाडी. जगातल्या बहुतेक गोष्टींची सरासरी तेवढी येते म्हणून बहुतेक फोटो चांगले येतात. काळं दाखवलं की तो म्हणतो अरे उजेड कमी पडतोय, आणि वाढवून राखाडी करतो. पांढरं दाखवलं की म्हणतो फार झाला, आणि कमी करून राखाडी करतो. त्याच्या परीने तो बिचारा बरोबरच असतो.

माझ्या डोक्यात एकदम शिमग्याची रात्र उभी राहिली. एवढा काळोख दाखवला मी त्याला, तो काय करणार! त्याला वाटलं काहीतरी चुकलंय, त्याने स्वतःचा दिवा काढून लावला.

पुढचं काकांनी करायला लावलं ते अजून माझ्या बोटांना लक्षात आहे. बगळा काही मोजू द्यायला थांबणार नाही, पण तो ज्या उजेडात बसलाय त्याच उजेडात सदरा उभा आहे. मग सदराच मोजायचा. कॅमेरा एम वर, म्हणजे सगळं आपल्या हाताने, आयएसओ ४००, एफ ५.६, स्पॉट मीटरिंग, म्हणजे फ्रेमचा फक्त अडीच टक्के तुकडा मोजायचा. सदऱ्यावर धरलं, मीटरचा काटा शून्यावर आला तेव्हा शटर १/१२५०. हे कॅमेऱ्याचं मत, सिमेंटवालं. "आता पांढऱ्याला पांढरं कर, पाच क्लिक." टक टक टक टक टक. १/४००. आता काट्याकडे बघायचंच नाही, तो ओरडत राहणार.

म्हशीकडे वळले. मागून कोणीतरी म्हणालं, "काय गो, म्हशीचे कसले फोटो काढतेस? माणसं संपली काय?" म्हशीची मालकीण, डोक्यावर इरलं नाही पण तसंच दुमडलेलं प्लास्टिक. मुलगी फिस्सकन हसली, बगळ्याने मान वर केली, आणि मी बटण दाबलं.

म्हैस काळी आली, ओली काळी, पाठीच्या कण्यावर आभाळाची एक चकचकीत रेघ. आणि बगळा पांढरा, पण मानेवरची पिसं मोजून घ्यावीत इतका. फोटो म्हणून ग्रेट वगैरे नाही हं तो, म्हशीचं शेपूट कापलं गेलंय आणि मागे महावितरणचा खांब आहे. पण मी तो मालकिणीला दाखवला तर तिने नीट बघून सांगितलं, "हां, हीच आमची." राखाडीवालीला ती हे म्हणाली नसती असं माझं आपलं मत. काका त्या दिवसापासून मला मॅडम म्हणायचे थांबले, एकदम 'अगं' वर आले.

तर मला कोणी विचारलं की नवीन डीएसएलआर, म्हणजे असा आरशाचा कॅमेरा, घेतलाय, आधी काय शिकू, तर मी त्रिकोण सांगत नाही. म्हैस शोध म्हणते. शहरात असाल तर काळी गाडी आणि पांढरी गाडी शोधा, चालेल. पण कॅमेरा चुकतोय हे आधी स्वतःच्या डोळ्याने पकडा, मग फोटो उजळ-गडद करायचं ते प्लस-मायनसचं बटण कशाला दिलंय ते कोणी सांगावं लागत नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे आणखी एक विषय शिकावा लागतो जो कुठल्याच कोर्समध्ये पहिल्या धड्यात नसतो, तो म्हणजे बुरशी. कोकणात चपलेला लागते, पट्ट्याला लागते, तशी लेन्सलाही लागते, काचेच्या आत, कोळ्याच्या जाळ्यासारखी. काकांनी टॉर्च लावून त्यांची एक जुनी लेन्स दाखवली तेव्हा अंगावर काटा आला. त्यांचा उपाय म्हणजे लोखंडी कपाटात झिरोचा बल्ब, बारा महिने चालू. माझा उपाय म्हणजे हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेल, निळे दाणे, ओल पिऊन गुलाबी झाले की तव्यावर भाजून परत निळे करायचे. एकदा ते भाजताना आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं हा कसला साबुदाणा, तेव्हापासून त्यासाठी वेगळा तवा आणला. डब्यात आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ ठेवलंय, चाळीस ते पन्नास टक्क्यांत काटा असला की मी निवांत झोपते. चामड्याच्या छान कव्हरात कॅमेरा घालून कपाटात ठेवू नका, ते कव्हरच ओल धरतं.

दिवाळीपासून मी यंदाच्या शिमग्याची तयारी चालू केली. देवघरात समई लावून, बाकी दिवे बंद करून. फोकस हाताने, कारण लेन्स तीच बिनमोटरची. पण कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघताना खालच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका असतो, फोकस बरोबर बसला की तो स्थिर होतो, आणि हात इतका सरावला की मुलगी म्हणायची आई तू रेडिओ लावतेयस असं वाटतं. रंगाचं एक तेव्हाच कळलं. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाईट बॅलन्स समईचा पिवळेपणा धुऊन काढायला बघतो, म्हणजे इथेही तेच, सगळं मधलं करा. तो उन्हावर ठेवला तर जाळ जाळासारखा तांबूस राहतो. आणि फाईल रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेलं जसंच्या तसं, कारण जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या आणि १४ बिटच्या रॉ मध्ये १६,३८४, अंधाराच्या फोटोत ह्या पायऱ्या उपयोगी पडतात.

दिराच्या मोबाईलचंही कोडं सुटलं होतं. तो एका फोटोच्या नावाखाली भराभर बरेच फोटो काढून त्यांची गोळाबेरीज करून एक देतो. वाईट नाही ते, हुशारीच आहे. फक्त काय काळं ठेवायचं आणि काय उजळायचं हे तो कोणाला विचारत नाही.

होमाच्या रात्री लवकर जाऊन सहाणेजवळच्या खांबाला पाठ लावून जागा धरली. बाई माणूस कॅमेरा घेऊन पुढे, दोन-चार जणांनी बघितलं. होमाई व्यारावाला, आपल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर, जे. जे. मध्ये शिकलेल्या, साडी नेसून तो भला मोठा स्पीड ग्राफिक कॅमेरा घेऊन सत्तेचाळीसच्या दिल्लीत उभ्या राहायच्या, काकांनी त्यांचं कात्रण दाखवलं होतं, ते आठवून जरा ताठ उभी राहिले. फ्लॅश बंद. कॅमेरा एम वर. होम पेटला तसा आयएसओ ३२००, एफ २, शटर १/६०.

पालखी उठली. पहिले फोटो बघितले, सगळं जागच्या जागी, स्पष्ट, आणि मेलेलं. पालखी नाचतेय असं वाटतच नव्हतं, खांद्यावर कपाट घेऊन माणसं उभी आहेत असं वाटत होतं. मग हिशोब केला. शटर १/३० केलं तर उजेड दुप्पट, तो परत निम्मा करायला एफ २ चा २.८. फोटो तेवढाच अंधारा राहील, फक्त हललं ते हललेलं दिसेल. श्वास धरून, खांबाला रेलून. ढोल, धूर, आणि होमाच्या पलीकडे आमचे एक चुलत सासरे नारळ हातात धरून आपली पाळी यायची वाट बघत स्तब्ध उभे. त्यांच्यावर फोकस, हिरवा ठिपका, आणि पालखी मधून गेली.

तीनशेत तो एकच. पालखी म्हणजे सोनेरी-तांबडा एक फराटा, त्यात एका रुपाच्या कडेची रेघ, खाली दहा-बारा पायांचा गोंधळ, आणि ह्या सगळ्यामागे ते म्हातारे, नारळाच्या शेंडीसकट स्पष्ट. बाकी काळोख. सासूबाईंनी स्क्रीन लांब धरून बघितलं, "अगं अंधारच आलाय नुसता," मग जवळ घेऊन, "हे आपले भाऊजी ना? उभे राहण्याची ऐट बघ." दिराला दाखवला, तो म्हणाला, चांगला आहे, पण जरा ब्राइट करा ना.

काका म्हणाले हा छापायचा, आठ बाय बारा. गावातल्या लॅबमध्ये पेन ड्राइव्ह देऊन आले. संध्याकाळी पाकीट उघडलं तर काळोख राखाडी! धूर, खांब, मागच्या भिंतीवरचं पोस्टर, सगळं वर आलेलं, रवाळ, आणि फराट्याचं सोनं पांढरं पडलेलं. मी तो प्रिंट काकांच्या झेरॉक्स मशीनवर आपटला. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं, आणि हसायलाच लागले.

"तुझी म्हैस परत पांढरी केली त्यांनी."

मशीन आपोआप सुधारून छापतं म्हणे. रोज शंभर लोकांचे अंधारे फोटो येतात, ते उजळून दिले की गिऱ्हाईक खूश. काकांनी लॅबला फोन लावला, आवाज एकदम तीस वर्षांपूर्वीचा, स्टुडिओच्या मालकाचा, "अरे करेक्शन बंद करून मार. जशी फाईल तशी. नाही नाही, अंधार आहे तो, अंधारच आहे, तसाच पाहिजे."

दुसरा प्रिंट दुसऱ्या दिवशी मिळाला. काळोख काळा होता. पैसे मात्र लॅबवाल्याने दोन्हीचे घेतले.